गेमवाल्यांची इर्जिक

यादोरावांचा आणि गेमचा उभ्या आयुष्यात संबंध आला नव्हता. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा माणूस कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डाव मांडून बसायचा, तेव्हा यादोराव त्याच्याकडे पाठ करून बसत. साहेबांनी विचारलंच, तर ‘मी काही पाहिलं नाही’ हे शपथेवर सांगता यावं, एवढाच त्यामागचा हेतू. अशा माणसाने निवृत्तीनंतर गेम बनवणाऱ्या लोकांच्या एका साइटवर ज्येष्ठ सदस्य म्हणून नाव कमवावं आणि त्या नावापायी पोटच्या पोराचं नाव घालवावं, हा प्रकार तुमसरात तरी पहिलाच. शेवटचाही तोच ठरो, असं मालनबाई म्हणतात.

सुरुवात तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवताना झाली. यादोरावांचा मुलगा अश्वजित पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत गेम बनवायचा. कंपनी बुडाली तेव्हा तो घरी आला आणि समोरच्या खोलीत बसून स्वतःचाच गेम बनवू लागला. त्याला वर्ष उलटून गेलं होतं. गेमचं नाव ‘पाणीपाळी’. त्यात बंदूक नव्हती, मोटारींची शर्यत नव्हती. एक गाव, एक तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, आणि पाणी कमी. कुणाच्या बांधीत आधी पाणी सोडायचं आणि कुणाला नाराज करायचं, एवढाच खेळ. असा गेम कोण खेळणार, असं यादोरावांनी एकदा विचारलं होतं. अश्वजित उठून खोलीत निघून गेला होता.

इकडे ताराचंद सेठच्या राइस मिलमधला कॉम्प्युटरवर बसणारा मुलगा नोकरी सोडून गेला. सेठने यादोरावांना बाजारात गाठून सांगितलं की बाहेरचा माणूस नको, तुमचा पोरगा पाठवा. यादोरावांनी तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला आणि घरी येऊन तो विषय भाजीसोबत वाढला. अश्वजित रागावला नाही. त्याने फक्त मुदत मागितली.

“नाकाडोंगरीच्या मंडईपर्यंत थांबा, बाबा,” तो म्हणाला. “गेमवाल्यांची एक साइट निघाली आहे, गेमबिरादरी. तिच्यावर समदे याच धंद्यातले लोक आहेत. त्यातल्या एकानं, फक्त एकानं, माझा गेम खेळून पाहावा अन् म्हनावं का याच्यात दम आहे. कोनीच नाही म्हटलं, तं मंडईच्या दुसऱ्या दिवशी मी मिलमध्ये जाऊन बसतो.”

दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. पाहुणे जमतात, दंडारीचा नाच होतो, रात्री नाटक असतं. आणि हे सगळं सुरू व्हायच्या आत प्रत्येक पाहुणा दुसऱ्या पाहुण्याच्या मुलाची चौकशी उरकून घेतो. नाकाडोंगरी हे मालनबाईंचं माहेर. मागच्या मंडईत मेहुण्याने ‘पोरगा काय करते?’ असं विचारलं, तेव्हा यादोराव ‘कॉम्प्युटरचं’ असं मोघम बोलून सुटले होते. पुढच्याच आठवड्यात मेहुणा मोटारसायकलला बंद पडलेला प्रिंटर बांधून दारात हजर झाला. यंदा यादोरावांना नीट उत्तर हवं होतं. मुदत त्यांना रास्त वाटली आणि सेठला तोवर थांबवून त्यांनी ती मंजूर केली.

गेमबिरादरीची बातमी गल्लीत फिरायला दुपार पुरली. बिरादरी म्हटल्यावर समोरच्या धुरपताबाईंनी पहिल्यांदा ‘कोनाची?’ हेच विचारलं. धुरपताबाई महिला बचत गटाच्या अध्यक्ष, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचे सभासद कोण हे त्यांना आधी कळावं लागतं. गेम बनवणाऱ्यांची, असं कळल्यावर शेजारचे मारोतराव हळहळले. मारोतराव एसटीचे निवृत्त कंडक्टर. यादोरावांनी सारी नोकरी त्यांच्याच गाडीने भंडाऱ्याला जाऊन-येऊन केली होती, त्यामुळे यादोरावांच्या घरात मत देण्याचा त्यांना कायमचा पास होता. आपले बापजादे जातीबिरादरीतून बाहेर पडायला जिवाचं रान करून गेले आणि आताची पोरं हौसेने नव्या बिरादरीत घुसत आहेत, असं ते म्हणाले.

अश्वजितने दोघांना ओट्यावर बसवून समजावून सांगितलं. सगळ्यांसाठी जी मोठी साइट आहे, तिच्यावर विमा विकणारे, सकाळी उठून यशाचे मंत्र सांगणारे आणि दुसऱ्याच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवणारे अशी सगळी गर्दी असते. तिथे गेमवाल्याचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. इथे आले की फक्त याच कामाची माणसं. त्यांना वर्षभराची मेहनत एका नजरेत कळते. बेंगळुरूच्या एका नामांकित स्टुडिओतले कैलाश सर इथे आहेत, त्यांनी एकदा गेम उघडला तरी बस. कैलाश सरांचं नाव घेताना पोराचा आवाज खाली आला, हे यादोरावांच्या ध्यानात आलं.

मारोतरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “बाबू, बाजारात समदे विकनारेच बसले, तं घेनारा कोन आहे तिथं?”

अश्वजितकडे त्याचं उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं आणि त्यात इंग्रजी फार होतं. ते संपायच्या आत मारोतराव चहाला घरी गेले.

पोळा गेला, गणपती गेले, दसरा आला. यादोराव रोज सकाळी पेपर घ्यायला जावं तसे अश्वजितच्या खोलीत डोकावून ‘आलं का कोनाचं?’ असं विचारत. कुणाचं येत नव्हतं. अश्वजितने कैलाश सरांना पाठवलेल्या संदेशापुढे ‘पाहिलेला नाही’ असंच लिहून येत होतं. अश्वजितच्या स्वतःच्या फोटोखाली एक शून्य होतं. यादोरावांनी विचारलं तेव्हा कळलं की ते पाठबळाचं शून्य. ज्यांनी तुमचं काम पाहिलं आहे ते बिरादरीतले लोक तुमच्या मागे आपलं नाव उभं करतात. जितकी नावं जास्त, तितके तुम्ही वर दिसता, आणि वर दिसलात की कैलाश सरांसारख्यांची नजर पडते.

यादोरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळी नोकरी त्यांनी शिफारशीचं महत्त्व पाहण्यात घालवली होती. कोऱ्या कागदावर आलेला अर्ज वर्षभर टेबलावर पडून राहतो आणि सरपंचाचं पत्र जोडलेला अर्ज दुपारच्या चहाआधी साहेबांच्या पुढ्यात जातो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि इथे त्यांचाच मुलगा शून्य शिफारशींवर बसला होता. त्यांना ते शून्य स्वतःच्याच कपाळावर चिकटवल्यासारखं झोंबू लागलं. तुमसरात अर्धी गल्ली ज्यांच्या शब्दावर उठते-बसते त्यांच्या पोरामागे एक माणूस उभा राहू नये, ही गोष्ट त्यांना सहन होणारी नव्हती.

“मालन, हे तं इर्जिकचं काम आहे,” ते आत जाऊन म्हणाले.

इर्जिक म्हणजे काय हे झाडीपट्टीत सांगावं लागत नाही. एखाद्याची वाहीपेरी मागे पडली की गावातली माणसं आपापले नांगर-बैल घेऊन त्याच्या बांधीत उतरतात, एका दिवसात काम उरकून देतात आणि संध्याकाळी त्याच्या घरी जेवून जातात. मजुरी नाही, उपकार नाही. उद्या त्यांची वेळ आली की आपण जायचं. फक्त एक भानगड आहे. इर्जिकला आलेला माणूस बांधीत पीक कोणतं घ्यायचं आहे हे विचारत बसत नाही. तो आपला नांगर धरतो.

अश्वजितला न सांगता यादोरावांनी जुन्या फोनवर स्वतःचं खातं काढायला घेतलं. साइटने धंदा विचारला. कारकुनाची सोय नव्हती, पण यादीत ‘लेखक’ होतं. आयुष्यभर टिपण्या लिहिल्या, गल्लीतल्या प्रत्येकाचे अर्ज लिहून दिले, तेव्हा ‘लेखक’ हे काही खोटं नव्हे, असं मनाशी ठरवून त्यांनी ते निवडलं. अनुभवाच्या रकान्यात उभी नोकरी टाकली. कामाचा नमुना म्हणून निवृत्तीच्या दिवशी शालश्रीफळ घेतानाचा फोटो जोडला. दोन दिवसांनी मंजुरी आली, आणि त्यात वर लिहिलं होतं की एवढ्या प्रदीर्घ अनुभवाचा लेखक मिळाल्याबद्दल बिरादरी आभारी आहे. यादोरावांना सेवेत असताना असं पत्र कुणी दिलं नव्हतं. त्यांनी ते मालनबाईंना दोनदा वाचून दाखवलं.

मग मारोतराव आले. आयुष्यभर गाडी कुठे थांबवायची आणि कुठे सोडायची हे ठरवलं, या आधारावर ते लेव्हल डिझायनर, म्हणजे गेममधले टप्पे आखणारे, झाले. धुरपताबाईंना रंग आवडले म्हणून त्यांनी ‘कला विभाग’ घेतला आणि त्यांच्यामागे अख्खा बचत गट कला विभागात शिरला. रविवारी बुद्धविहारात वंदना झाली की मंडळी सभागृहाच्या ओट्यावर फोन घेऊन बसत आणि यादोराव एकेकाचा अंगठा धरून कुठे दाबायचं ते दाखवत. मालनबाई चहा-चिवडा पुरवत, कारण इर्जिकला आलेल्याला उपाशी पाठवायची रीत नाही. पुढे मिलमधले हमाल आले, मेहुणा आला, मेहुण्याचे शेजारी आले. इर्जिकच्या नियमाने सगळ्यांनी अश्वजितला पाठबळ दिलं आणि मग एकमेकांनाही दिलं, कारण आलेल्या माणसाला रिकाम्या हाती पाठवणं बरं दिसत नाही.

अश्वजितला यातलं काही कळत नव्हतं. पाठबळ किती हे साइट फुकट दाखवायची, पण ते कुणाचं हे पाहायला तिचं सोनेरी सभासदत्व घ्यावं लागायचं. पोराला फक्त आकडा दिसत होता. शून्याचे दोन झाले, दोनाचे नऊ, मग एका रविवारी दुपारी एकदम वीसने उडी घेतली. अश्वजित खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मालनबाईंना त्याच्या दहावीच्या निकालाचा दिवस आठवला. त्याने दाढी केली. स्टेशनरोडवरून आलूबोंडे आणले आणि मारोतरावांना, धुरपताबाईंना ओट्यावर बोलावून खाऊ घातले. आपली ओळख ना पाळख अशी देशभरातली माणसं, पण त्यांनी गेम खेळून पाहिला आणि आपल्यामागे नाव लावलं, असं तो सांगत होता. त्या भरात कैलाश सरांनाही त्याने नव्याने लिहिलं होतं.

मारोतरावांनी आलूबोंडा तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. धुरपताबाई मिरचीचा देठ फार वेळ सोलत बसल्या. यादोराव चटणी आणतो म्हणून आत गेले आणि चटणी संपली आहे हे ठाऊक असून शिंकाळ्यात शोधत राहिले. मालनबाई त्यांच्यामागे आत आल्या. पोराला आत्ताच्या आत्ता सांगून टाका, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. मंडई झाली की सांगतो, असं यादोरावांनी उत्तर दिलं. एकदा कैलाश सरांची नजर पडली की शिफारस खरी होती की खोटी हे कोण विचारतं, असा त्यांचा हिशेब होता.

विचारणारं पत्र दिवाळीच्या तोंडावर आलंच. एकाच परिसरातून, बहुतेक एकाच गल्लीतून आणि रविवारी दुपारीच एवढे गेम बनवणारे कसे उगवले, याचा खुलासा सात दिवसांत करावा, असं गेमबिरादरीच्या कार्यालयाने सर्व नव्या सभासदांना कळवलं होतं. गल्ली हादरली. बचत गटाचं कर्ज अडेल का, हे धुरपताबाईंनी दोनदा विचारलं. एकटे यादोराव मात्र स्थिर होते. कारणे दाखवा नोटीस हा त्यांचा हातखंडा विषय. त्यांनी चष्मा पुसला, कोरा कागद घेतला आणि एका बैठकीत उत्तर उतरवलं.

“उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की,” असं ते सुरू होत होतं. “सदर पाठबळ हे आमच्या परिसरात पूर्वापार चालत आलेल्या इर्जिक पद्धतीस अनुसरून देण्यात आले असून, सदर गेम निम्नस्वाक्षरीकारांपैकी कोणीही खेळलेला नाही. तथापि मुलगा होतकरू व निर्व्यसनी आहे, ही बाब सर्वांच्या प्रत्यक्ष माहितीतील आहे.”

खोटं लिहायची त्यांना सवय नव्हती, आणि यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या, फोटो काढला आणि पाठवून दिला.

चार दिवसांनी साइटच्या ऑफिसातून हर्षा नावाच्या मुलीने फोनवर चित्रासकट एकेकाची तपासणी सुरू केली. पोरगी मराठी होती आणि बोलायला गोड होती, त्यामुळे घात झाला. तिने धुरपताबाईंना विचारलं, ‘पाणीपाळी’ तुम्ही खेळून पाहिला का? धुरपताबाई म्हणाल्या, “खेळलो नाही, माय. मले त्यातलं काही समजत नाही. पन पोरगं लय चांगलं आहे. माझा मालक गेला तवा रात्रभर बसून होता माझ्यापाशी.” मग त्यांनी हर्षाचं लग्न झालं का ते विचारलं आणि मंडईचं आमंत्रण दिलं. मारोतराव, हमाल, मेहुणा, सगळ्यांनी थोड्याफार फरकाने हेच सांगितलं. कुणीही खेळलं नव्हतं. पोरगं चांगलं होतं.

यादोरावांबद्दल मात्र वेगळा निकाल लागला. या गृहस्थांचं लिखाण तुम्ही खरंच वाचलं आहे का, असं हर्षाने विचारलं, तेव्हा सगळे एका सुरात हो म्हणाले, कारण प्रत्येकाच्या घरात त्यांनी लिहिलेला एखादा तरी अर्ज होता. तेव्हा यादोरावांचं पाठबळ अस्सल ठरलं आणि ते ज्येष्ठ सदस्य झाले. बाकीच्यांनी सत्य सांगितलं म्हणून त्यांना समज देऊन, पाठबळ शून्यावर आणून, ठेवून घेतलं. खोटं पाठबळ ज्याच्या नावावर जमलं होतं, त्याला नियमाप्रमाणे काढून टाकलं. तो एकटा अश्वजित. गेमबिरादरीच्या तुमसर गोतावळ्यात लेव्हल डिझायनर राहिला, कला विभाग राहिला, ज्येष्ठ लेखक राहिला. एक गेम बनवणारा होता, तो तेवढा वाळीत पडला. वाळीत टाकणं म्हणजे काय असतं हे यादोरावांनी आपल्या आजाकडून ऐकलं होतं. आपण ते स्वतःच्या हाताने पोराच्या वाट्याला आणू, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

काढल्याचं पत्र अश्वजितलाच आलं, आणि सोबत पुरावा म्हणून यादोरावांचा खुलासाही. त्याने तो पडवीत उभं राहून वाचला. अक्षर ओळखीचं होतं. यादोराव दाराशी उभे होते. पोराने आरडाओरडा केला असता, तांब्या फेकला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. त्याने कागदावरून नजर उचलली आणि म्हटलं, “बाकीच्यांचं सोडा, बाबा. तुमी तं खेळून पाहाचं होतं.”

एवढं बोलून तो आत गेला. थोड्या वेळाने तो मिलमध्ये घालायचे शर्ट धुवायला काढत असल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी यादोराव अंगणातल्या बाजेवर फोन घेऊन बसले. अश्वजितने वर्षाच्या सुरुवातीलाच तो गेम त्यांच्या फोनमध्ये टाकून दिला होता. पेन्शनच्या आणि हवामानाच्या चित्राच्या मधोमध ते निळ्या तलावाचं चित्र होतं. रोज बोट त्याच्यावरून पुढे जायचं. आज पहिल्यांदा त्यांनी ते दाबलं. तलाव उघडला. तलावाच्या बांधावर येनाची झाडं होती, बांध्यांमध्ये धानाच्या रोपांचं हिरवं परं होतं आणि कुठून तरी टिटवी ओरडत होती. यादोराव थक्क झाले. हे सगळं भिंतीपलीकडे बसून पोराने केलं आणि आपण रोज फक्त ‘आलं का कोनाचं’ विचारत राहिलो, हे त्यांना फार लागलं.

पाणी सोडायचं तर गेट उघडायला हवं, आणि गेट उघडायला परवानगी हवी. परवानगीसाठी एक छोटंसं ऑफिस होतं. यादोराव आत शिरले. टेबलामागे एक कारकून बसला होता. त्याच्या अंगात तपकिरी अर्धा स्वेटर होता, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला होता आणि पुढ्यात स्टीलचा चहाचा थर्मास होता. कारकुनाने मान वर केली आणि तो म्हणाला, ‘उद्या या.’

यादोराव उद्या गेले. गेममध्ये उद्या लवकर येतो. कारकून म्हणाला, ‘शिफारस आणा.’ यादोराव गावभर हिंडले, सरपंचाची शिफारस आणली, पाटलाची आणली. कारकुनाने ती घेतली, चहा ओतला आणि म्हणाला, ‘उद्या या.’ तोवर बांध्या वाळल्या, परं पिवळं पडलं आणि गाव रिकामं झालं. यादोरावांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा धान वाळलं. तिसऱ्या वेळी मालनबाई तांदूळ निवडत मागे येऊन उभ्या राहिल्या आणि वाकून पाहू लागल्या.

“हे तं तुमी होय,” त्या म्हणाल्या.

यादोरावांना ते पहिल्या ‘उद्या या’लाच कळलं होतं. संध्याकाळी ते फोन घेऊन अश्वजितच्या दाराशी गेले. बोलायचं बरंच होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, “बाबू, याच्या पुढं कसं जाचं?”

अश्वजित शर्टाला इस्त्री करत होता. त्याने मान वर केली नाही. “त्याच्याकडे जाचंच नसते, बाबा,” तो म्हणाला. “थो काहीच करत नाही. खाली बांधीत जाऊन लोकांसंग बोलाचं, मंग गेट समदे मिळून उघडतात. पन खेळनारा पहिले त्याच्याकडेच धावते.”

यादोरावांनी मान डोलावली आणि ते दार ओढून घेऊन बाहेर आले. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि मालनबाईंनी आग्रहही केला नाही.

नाकाडोंगरीच्या मंडईला ते दोघेच गेले. गाव पाहुण्यांनी फुलून गेलं होतं, जिलेबीच्या कढया चढल्या होत्या, दंडारवाले चौकात घुंगरं बांधत होते. मेहुणा लांबूनच हात हलवत आला. खुलाशावर स्वतःची सही असूनही त्याने रामराम-जयभीम उरकून तोच प्रश्न विचारला. उद्यापासून पोरगा राइस मिलमध्ये जाणार होता. ते सांगितलं असतं तर मेहुण्याला लगेच कळलं असतं, आणि तो खूशही झाला असता.

“गेम बनवते,” यादोराव म्हणाले.

मेहुण्याने थोडा विचार केला. मग प्रिंटरचं काम आता तो घेत नाही का, असं त्याने विचारलं.

त्याच वेळी यादोरावांच्या खिशातला फोन वाजला. गेमबिरादरीवरून ज्येष्ठ लेखक यादोराव सरांना संदेश होता, आणि पाठवणाऱ्याचं नाव त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कैलाश सर. शुद्ध मराठीत लिहिलं होतं, कारण गृहस्थ मूळचे खानदेशातले होते. दिवाळीआधी आमचा स्टुडिओ बंद झाला, असं त्यांनी लिहिलं होतं. ओळखीचे सगळेच सध्या काम शोधत आहेत आणि एकमेकांनाच विचारत आहेत. आपल्या तुमसरात या क्षेत्रातली एवढी मोठी मंडळी आहे आणि आपल्या शब्दाला वजन आहे असं दिसतं. तिकडे एखादी जागा असल्यास माझी शिफारस कराल का?

यादोराव खाली बसले. मारोतरावांचा पोळ्याच्या वेळचा प्रश्न त्यांना आठवला, आणि ज्या माणसाची वाट पाहत पोराने सारा पावसाळा काढला तोही त्याच बाजारात टोपली घेऊन बसला आहे, हे पाहून त्यांना रडू यायचं ते थोडक्यात राहिलं. गावात एकच खुर्ची रिकामी होती आणि तीही उद्या सकाळी भरणार होती. त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं. मग बराच वेळ बोट फोनवर धरून ठेवलं. ‘माझा मुलगा’, ‘होतकरू’, ‘निर्व्यसनी’, हे शब्द एकामागून एक हाताशी येत होते आणि त्यांनी एकही लिहिला नाही. खाली फक्त गेमचा पत्ता टाकला आणि लिहिलं, ‘वेळ असल्यास खेळून पाहावा.’ आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादा कागद शिफारशीशिवाय पुढे सरकवला होता.

सकाळी अश्वजित डबा घेऊन मिलला निघाला. इस्त्रीचा शर्ट त्याच्या अंगावर उसना घेतल्यासारखा दिसत होता. मालनबाई दारात उभ्या होत्या, पलीकडून मारोतराव पाहत होते, पण आज मत द्यायला कुणी पुढे आलं नाही. तो फाटकाबाहेर पडला आणि यादोरावांचा फोन वाजला. चष्मा न लावताच त्यांनी वाचलं आणि ते पायात चप्पल नसताना रस्त्यावर धावले.

कैलाश सरांनी लिहिलं होतं, ‘रात्रभर खेळलो. फार दिवसांनी एवढा दम असलेला गेम पाहिला. कुणी बनवला? पण त्या कारकुनापाशी सारखा अडकतो आहे. पुढे कसं जायचं?’

अश्वजितने फोन हातात घेतला आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून संदेश वाचला. पहिल्यांदा वाचला, मग परत वाचला. मग त्याने फोन वडिलांच्या हातात दिला.

“मंडई काल झाली, बाबा,” तो म्हणाला.

तो वळणापर्यंत गेला, थांबला आणि मागे न फिरताच म्हणाला, “कोन्या फोनवर खेळले, तेवढं विचारून ठेवा त्यायले. जुन्या फोनवर गेट उघडाले वेळ लागते.”

मिलचा भोंगा झाला तेव्हा तो दिसेनासा झाला होता. यादोराव बिनचपलेचे परत आले आणि ओट्यावर बसले. त्यांनी कैलाश सरांना बनवणाऱ्याचं नाव कळवलं, ते कोणत्या फोनवर खेळले ते विचारलं, आणि मग खाली सावकाश, एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं.

‘त्या कारकुनाकडे जाऊ नये. तो मनाने वाईट नाही, पण त्याच्या हातून काम होत नाही.’

त्यांनी ते एकदा वाचलं, खाली सवयीने ‘आपला विश्वासू’ असं लिहिलं आणि पाठवून दिलं.